अप्पांच्या लॉनचा कोपरा

अप्पांच्या घराची वरची खोली मला मिळाली ती माझ्या चपलांमुळे. लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती आणि मी लोह्याहून एक बॅग घेऊन खोली शोधत फिरत होते. चार घरमालकांनी 'एकट्या मुलीला देत नाही' म्हणून फाटकातूनच वाटेला लावलं होतं. पाचव्या फाटकाशी अप्पा उभे होते. पांढरा पायजमा, बाह्यांचा बनियन, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि हातात स्क्रू पिळायचा एक लांबलचक पेचकस. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते. मुलाखतीसाठी म्हणून मी जन्मात पहिल्यांदा टाचांच्या चपला घेतल्या होत्या आणि त्या मला सकाळपासून चावत होत्या.

"ह्या रोज घालनार का?" अप्पांनी विचारलं.

"क्लासला जाताना घालीन."

"क्लासचं ऱ्हाऊ द्या. सांजच्याला आमच्या लॉनवर ईस चकरा मारायच्या. टाचंनं भोकं पडतेत, मुळीला हवा जाती. कबूल असंल तर वर जाऊन खोली बगा."

मी कबूल झाले. पुढं दोन वर्षं, क्लासहून आल्यावर, अंगात त्राण असो नसो, मी त्या लॉनवर टाचा रोवत वीस चकरा मारल्या. शेजारच्या बायकांना वाटायचं, लग्न जमावं म्हणून मी काहीतरी व्रत धरलंय. एकीनं तर हळूच विचारलंही, कोणत्या महाराजांनी सांगितलं म्हणून.

लातुरात लॉन ठेवणं हीच मुळात जरा लपवायची गोष्ट. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायच्या दिवशी कुणी साखरपुड्याची तारीखसुद्धा धरत नसे. बोअर किती खोल गेलं हे लोक एकमेकांना पोराचे मार्क सांगावेत तसं सांगायचे. अशा गावात ज्यांच्या दारात हिरवळ असे, ते तिच्याबद्दल फार बोलत नसत आणि ती पिवळी पडली की उघड रडताही येत नसे. मग कुणीतरी म्हणायचं, अप्पांना बोलवा. अप्पा पायी यायचे. फी घ्यायचे नाहीत. बशीतून चहा घ्यायचे, तोही निदान पटलं तरच. मालकानं 'छे छे, तसं काही नाही' म्हटलं की भरलेली बशी तशीच ठेवून उठायचे.

उभी नोकरी त्यांनी माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. शेतकरी पिशवीतून माती आणायचे, अप्पा ती वाळवायचे, चाळायचे, बाटलीत घालून हलवायचे. पण पिशवीतून आलेल्या मातीवर त्यांचा विश्वास नव्हता. "पेशंटला घरी निजवून त्याची नुसती टोपी दवाखान्यात आनल्यासारखं हाय ते," म्हणायचे. निवृत्त झाल्यावर माती जिथं असेल तिथं जाऊन बघायची हौस त्यांनी भागवून घेतली. गंमत अशी की त्यांचे वडील मुरुडजवळच्या रानात जन्मभर हरळी खणत आले. हरळी म्हणजे शेतकऱ्याची हाडवैरीण, एक कांडी राहिली तरी महिन्यात रान धरते. आणि मुलगा शहरात येऊन बंगलेवाल्यांना तीच हरळी कशी जगवायची ते शिकवत होता. "बाप वरून बगत असंल तर कपाळ बडवून घेत असंल," असं सांगून अप्पा स्वतःच पोट धरून हसायचे.

मी रविवारी त्यांच्याबरोबर जायला लागले. खरं सांगायचं तर आधी टिंगल करायला म्हणून गेले. मी वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी., सुवर्णपदक थोडक्यात हुकलेली, आणि हे गृहस्थ पेचकस घेऊन गवताची नाडी बघायला निघालेले. पण त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. फाटकात शिरले की चपला काढायच्या. मालक 'या, या, बसा' म्हणतोय तिकडे लक्षच नाही. आधी अनवाणी सगळ्या लॉनवरून फिरायचं, डोळे अर्धे मिटून. मग गुडघे टेकायचे. आई पोरीच्या डोक्यातल्या उवा बघते तसं दोन्ही हातांनी गवत विंचरून बघायचं. मूठभर गवत ओढलं आणि ते मुळासकट सुटून हातात आलं, की म्हणायचे, "खाली हुमणी हाय. खना." खणलं की पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघायच्याच.

मग पेचकस. तो मुठीपर्यंत सहज आत गेला तर ठीक. दोन बोटांवर अडला तर अप्पा मालकाकडे बघायचे आणि विचारायचे, "कंत्राटदार कोन व्हता?" बंगला बांधून झाला की उरलेल्या विटा, सिमेंटचे गोळे, फुटक्या फरश्या अंगणात दाबायच्या, वर दोन बोटं काळी माती पसरायची आणि तिच्यावर आणलेल्या गवताच्या चादरी अंथरून निघून जायचं, हा सर्रास धंदा. पात्यांची टोकं फाटून पांढरी पडलेली दिसली की विचारायचे, "तुमचा न्हावी कोन हाय?" म्हणजे गवत कापणाऱ्याच्या मशीनचं पातं बोथट झालंय. आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर माती जिभेवर. मला पहिल्यांदा शिसारीच आली. अप्पांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "तुमच्या खार मोजायच्या मशीनला वीज लागती म्याडम. ह्या जिभंला लागत न्हाई."

पण खरं निदान व्हायचं ते प्रश्नांतून, आणि त्यांतला निम्मा भाग गवताबद्दलचा नसायचाच. पाणी कोण घालतं? सकाळी का दुपारी? मागच्या महिन्यात पाहुणे आले होते का? कुत्रं आहे का, आणि ते कुठं जातं? घरात आजारी कोण आहे? मालक वैतागायचे. अप्पा मालकाला सोडून घरातल्या बाईला विचारायचे, तिच्याकडून खरं निघायचं. "गवत खोटं बोलत न्हाई, मालक बोलतो," असं ते मालकाच्या तोंडावर म्हणायचे. मला मात्र निराळं शिकवायचे. "आधी इचारायचं. मंग बगायचं. मंग बोलायचं. तुमी शिकलेली मान्सं एकदम तिसऱ्यावर जाता." मी मान डोलवायचे. मान डोलावणं आणि शिकणं यांत फरक असतो हे मला फार उशिरा कळलं.

एक डाळ मिलवाले होते. त्यांच्या लॉनचा मधला भाग मेला होता, आणि तो असा की कडा अगदी सरळ, चारी कोपरे काटकोनात. मालक म्हणाले, काही केलं नाही हो, आपोआप झालं. अप्पांनी पावलं टाकून लांबी मोजली, रुंदी मोजली, कडेला चार ठिकाणी पेचकस घातला. चारही ठिकाणी तो भसकन आत गेला, कारण तिथं खांबांची भोकं होती.

"हितं मांडव व्हता," अप्पा म्हणाले. "खाली सतरंजी. तीन दिस तरी. घरात कार्य झालं का?"

"नाही, नाही. कार्य कसलं?"

तेवढ्यात त्यांची लहान नात पळत बाहेर आली आणि म्हणाली, "आत्याचा साखरपुडा झाला की इथं!" शेठजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. साखरपुडा घरच्या घरी उरकला होता आणि गल्लीत कुणाला बोलावलं नव्हतं, अप्पांनाही नाही, म्हणून ही सगळी लपवाछपवी. अप्पा शांतपणे म्हणाले, "आमाला बोलावलं न्हाई त्याचं काई न्हाई. पर गवताला तरी इचारायचं व्हतं." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला, आणि वर साखरपुड्याचा बुंदीचा लाडू मागून खाल्ला.

दुसरा प्रसंग एका बँकेतल्या साहेबांच्या घरचा, आणि तो मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. त्यांच्या लॉनला जागोजाग पांढरी खपली धरली होती आणि पाती कडेनं करपली होती. अप्पांनी माती चाखली, थुंकले आणि साहेबांच्या बायकोला विचारलं, "वैनी, फिल्टरचं पानी हितं वतता न्हाई का?"

"हो तर," त्या कौतुकानं म्हणाल्या. "थेंब वाया जाऊ देत नाही मी."

हे आमच्याकडचंच खास दुखणं. बोअरचं पाणी जड, म्हणून घरोघर फिल्टर. तो एक तांब्या गोडं पाणी देतो आणि सगळा खार घेऊन दोन-तीन तांबे नळीवाटे बाहेर टाकतो. दुष्काळ बघितलेल्या बाईला ते मोरीत सोडवत नाही. ती नळीखाली बादली ठेवते आणि भरलेली बादली झाडांना घालते. ज्या गावात पाणी मुबलक आहे तिथं ही चूक कुणी करणार नाही. अप्पांनी वहिनींना हे सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "तुमी थेंब वाचवला आन् गवत मारलं." वहिनींचे डोळे भरून आले. अप्पांनी तिकडे बघितलंही नाही.

येताना मी म्हटलं, "अप्पा, जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"गोड बोलून रोग जात असता तर दवाखाने कामून काडले असते?" ते म्हणाले, आणि पेचकस खिशात घालून चालू लागले.

आणि ह्याच अप्पांच्या स्वतःच्या लॉनचा एक कोपरा, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, चार हात जागा, पार उजाड होता. वर पांढरी खपली. बाकीचं लॉन नजर लागावी असं. अंघोळीचं पाणी गवताला जावं म्हणून अप्पा साबणाऐवजी डाळीचं पीठ लावून अंगणातल्या दगडावर उभे राहून अंघोळ करायचे, इतकी त्या गवताची बडदास्त. लोक चिडवायचे, "अप्पा, गावभर दवाखाना आन् घरात पेशंट!" अप्पा म्हणायचे, "ते जुनं दुखनं हाय," आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, वय झालं आता. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला दिसत नाही, त्यातली गत.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. उदगीरकडच्या. बुटक्या, गोऱ्या, इरकल नेसायच्या, आणि पाण्याला सदा 'नीरु' म्हणायच्या. मी राहायला गेले तेव्हा त्यांचं विसरणं नुकतं सुरू झालं होतं. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं येऊन स्वयंपाकाला बाई लावून दिली. ज्या बाईनं पन्नास वर्षं त्या घरात चूल सांभाळली तिला स्वयंपाकघरात 'अव्वा, तुम्ही बसा' असं ऐकायची वेळ आली. मग पूजेची फुलं त्या दोनदोनदा तोडून आणायला लागल्या, तेही अप्पांनी आपल्याकडे घेतलं. मला त्या कधी माझ्या नावानं हाक मारायच्या, कधी आपल्या धाकट्या बहिणीच्या.

एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं. फिल्टरच्या नळीखालची बादली. ती भरली की अव्वा ती कमरेवर घ्यायच्या, मागच्या दारानं बाहेर यायच्या आणि कोपऱ्यात हळूहळू ओतायच्या. "पी रे बाबा, पी," असं गवताला म्हणायच्या. मग पदराला हात पुसून, काहीतरी केल्याच्या समाधानानं आत जायच्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तेवढा वेळ त्यांचं काही चुकत नसे. मी हे रोज वरच्या गॅलरीतून बघत होते, आणि मला त्यात फक्त खारं पाणी दिसलं. आज लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

झालं असं की कॉलनीतल्या महिला मंडळानं घरोघरच्या बागा बघायला यायचं ठरवलं. मला वाटलं, आता त्या कोपऱ्यावरून अप्पांचं हसं होणार. अप्पांची लाज आपण राखावी, आणि जमलं तर गुरूच्या एक पाऊल पुढं जाऊन दाखवावं, असा दुहेरी किडा माझ्या डोक्यात वळवळला. क्लासच्या प्रयोगशाळेतून मी पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणलं. अप्पा बाजारात गेले होते. मी बादलीत मीटर घातलं आणि आकडा बघून मला अगदी शाळकरी आनंद झाला. बरोबर निघण्याचा आनंद. तेवढ्यात अव्वा बादली न्यायला आल्या.

"अव्वा, थांबा," मी म्हटलं. "तुमच्या ह्या पाण्यानंच गवत जळतंय. ह्यात सगळा खार आहे. तुम्ही ओतता म्हणून तिथं काही उगवत नाही."

आणि मग मी त्यांना मुळं पाणी कसं शोषतात आणि खारं पाणी ते उलट कसं ओढून घेतं, ते सगळं वर्गात सांगावं तसं सांगितलं. हातवारे करून. अव्वा ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी जाळलं?"

"तुम्ही म्हणजे... पाण्यानं जळलं."

"मी रोज नीरु देते त्याला."

त्यांनी दारात उभं राहून कोपऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होत्या. मग बादली तिथंच ठेवून आत निघून गेल्या.

त्या संध्याकाळी बादली भरून वाहिली. स्वयंपाकाच्या बाईनं कुरकुरत फरशी पुसली आणि पाणी मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. अव्वा मधल्या खोलीतल्या कॉटवर बसून असायच्या. सकाळी जेवलो का हे त्यांना आठवत नसे, मुलगा कुठं असतो ते आठवत नसे, पण हे मात्र त्या विसरल्या नाहीत. कुणी आलं की सांगायच्या, "मी गवत जाळलं म्हने." चार-पाच दिवसांत त्या स्वतःच्या हातानं जेवेनाशा झाल्या. 'आईकडं सोडा मला' म्हणून अप्पांच्या मागं लागल्या. त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बागा बघायला बायका आल्या आणि गेल्या. त्यांनी कुणाला शाबासकी दिली ते मला आठवतही नाही.

पुढच्या रविवारी दुपारी अप्पा जिना चढून वर आले. जिन्याला त्यांचे गुडघे साथ देत नसत, म्हणून ते कधीच वर येत नसत. धापा टाकत माझ्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"मला ठावं नव्हतं, असं वाटलं का तुला?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच ते मला म्याडम म्हणाले नाहीत.

मी टेबलावरचं मीटर पुस्तकांमागं सरकवलं.

"डॉक्टरनं सांगितलं व्हतं, हातातलं काम सुटू देऊ नका. सैपाक सुटला. फुलं सुटली. येवढी बादली ऱ्हायली व्हती. चार हात गवत गेलं तर गेलं म्हनलं. माजं काय जातंय?"

"मग तुम्ही मला सांगायचं, अप्पा."

"तू इचारलं का?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. आवाज फुटला त्यांचा. "माती बगितली. पानी बगितलं. मीटर लावलं. घरात मानूस कोन हाय ते बगितलं का?"

मला रडू आलं. अप्पांनी खिशातून पेचकस काढला आणि माझ्या हातात दिला.

"उद्या सकाळी खाली ये. सगळं पयल्यापासून बग. आन् तिला सांग, माझं चुकलं, गवत तान्हेलं हाय म्हनून."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बँकेच्या साहेबांच्या बायकोला रडवून न वळून बघणारा माणूस मला खोटं निदान करायला सांगत होता. माझ्यातल्या सुवर्णपदक हुकलेल्या बाईनं तेवढ्यातही एक क्षण मान वर काढली. म्हटलं, "पण अप्पा, ते खरं नाही." अप्पा म्हणाले, "न्हाई. तरी सांग." आणि भिंतीला धरून, एकेक पायरी करत, खाली उतरले.

सोमवारी सकाळी त्यांनी अव्वांना हाताला धरून मागच्या दारात आणून बसवलं. मी चपला काढल्या. अनवाणी कोपऱ्यापर्यंत गेले, गुडघे टेकले, कडेचं गवत विंचरलं, पेचकस घातला. शेवटी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. इतकी खारट की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला उपयोगच झाला.

"अव्वा, चुकलं माझं," मी म्हटलं. "हे गवत जळालेलं नाही. ते तहानलंय. आठ दिवस तुम्ही पाणी दिलं नाही ना, म्हणून बघा कसं झालंय."

अव्वांनी मान हलवली. "न्हाई बाई. मी जाळलं म्हने."

"मी उगाच बोलले. मला नीट बघता आलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान वर करून अप्पांकडे. "खरं व्हय हो?"

अप्पांनी उभ्या जन्मात गवताच्या बाबतीत कुणाची भीड ठेवली नव्हती. ते खाकरले. "हाव," म्हणाले. "पुस्तकं वाचून आलेली पोर हाय. तिला काय कळतंय त्यातलं?" इतक्या मनापासून म्हणाले की अजून मला खात्री नाही, त्यातलं खोटं किती होतं.

अव्वा बसल्या जागी थोडा वेळ पुटपुटत राहिल्या. मग उठल्या. मी पुढं झाले, पण अप्पांनी डोळ्यांनी दटावलं. अव्वा आत गेल्या, फिल्टरखालची बादली कमरेवर घेऊन आल्या, आणि त्या पांढऱ्या जागेवर सगळी ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. पदराला हात पुसले. जाता जाता माझ्या गालाला ओला हात लावून म्हणाल्या, "शिकशील, शिकशील हळूहळू." त्या दुपारी त्या स्वतःच्या हातानं भाकरी चुरून जेवल्या. स्वयंपाकाच्या बाईनं ते मला मुद्दाम वर येऊन सांगितलं, आणि मी जिन्यात बसून पोटभर रडले.

पुढं मला नांदेडला कॉलेजात नोकरी मिळाली, लग्न झालं, लातूर सुटलं. आज आमच्याही दारात हातभर लॉन आहे. ते पिवळं पडलं की माळी येऊन युरिया टाकायला सांगतो, आणि मी त्याला आधी बसवून घेऊन दहा प्रश्न विचारते. नवरा हसतो. अप्पांकडे जाणं वर्षातून एखाद वेळी व्हायचं. अव्वा मला ओळखत नव्हत्या, पण बादली सुटली नव्हती. शेवटी शेवटी ती अर्धी भरलेली असायची आणि अप्पा मागून बादलीला हात द्यायचे, अव्वांना कळू न देता.

एका उन्हाळ्यात अव्वा गेल्या. मला कळलं तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते. मग कॉलेजच्या परीक्षा आल्या, आणि मी पोचले ती थेट भाद्रपदात, पहाटेची एसटी धरून. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. फाटक उघडंच होतं. समोरच्या लॉनवर कुणी दिसलं नाही म्हणून मी घराला वळसा घालून मागं गेले.

अप्पा कोपऱ्यात पाठमोरे उभे होते. वाकून, गुडघ्यांवर जोर देत, ते बादलीतलं पाणी जमिनीवर ओतत होते. पावसानं ती पांढरी खपली धुऊन निघाली होती, आणि दोन्ही बाजूंनी हरळीच्या कांड्या उघड्या जागेत शिरल्या होत्या. मधोमध पोपटी कोंब फुटले होते. फिल्टरच्या नळीखालची ती बादली मी ओळखली.

"अप्पा," मी म्हटलं, "हे काय करताय? मीठ धुऊन गेलंय पावसानं. राहू दिलंत तर महिन्याभरात आपोआप धरेल."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. खूप वाळले होते. ओळखलं त्यांनी, पण 'कधी आलीस' वगैरे काही विचारलं नाही.

"ती गेल्यावर त्या बाईनं पानी मोरीत सोडलं," ते म्हणाले. "माजं ध्यान नव्हतं. पाऊस झाला, आन् एक दिवस बगतो तर हे." बादलीच्या काठानं त्यांनी त्या कोंबांकडे दाखवलं. "इतकी वर्सं न्हाई आलं. आन् ती गेली की लगेच? येवढ्या लवकर हिरवं व्हायला काय झालं व्हतं त्याला?"

हिरव्या गवताचं कारण विचारताना मी अप्पांना तेवढं एकदाच ऐकलं. मी त्यांच्या हातातून बादली घेतली आणि राहिलेलं पाणी त्या कोंबांवर ओतलं.